डेन्मार्कने एकच करार दोनदा मतास का टाकला?

२ जून १९९२. डेन्मार्कमधील मतमोजणी संपली, तेव्हा ४६,२६९ मतांनी साऱ्या युरोपचे वेळापत्रक कोलमडले होते. मास्ट्रिख्त करार मान्य आहे का, या प्रश्नाला ५०.७ टक्के मतदारांनी ‘नाही’ असे उत्तर दिले, ४९.३ टक्क्यांनी ‘हो’. मतदान ८३ टक्के झाले होते, म्हणजे लोक उदासीन होते असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

अवघ्या साडेअकरा महिन्यांनी तोच करार पुन्हा त्याच मतदारांपुढे ठेवण्यात आला. लोकांनी एकदा दिलेला निर्णय त्यांनाच पुन्हा विचारणे, हा लोकमताचा आदर की अवमान?

सार्वमत घ्यावेच का लागले, हे आधी पाहू. डेन्मार्कच्या १९५३ च्या राज्यघटनेतील कलम २० असे सांगते, की देशाचे अधिकार आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवायचे असतील, तर संसदेत पाच-षष्ठांश बहुमत हवे. ते नसेल, तर लोकांकडे जावे लागते. १७९ सदस्यांच्या फोल्केटिंगमध्ये हा आकडा १५० होतो. मे १९९२ मध्ये करार १३० विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. बहुमत प्रचंड होते. घटनेला मात्र ते अपुरे होते. संसद एका बाजूला आणि निम्म्याहून अधिक मतदार दुसऱ्या बाजूला, ही विसंगती पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे.

सुमारे ५२ लाख लोकसंख्येच्या या देशाला आपले चलन, आपले संरक्षण धोरण आणि आपले नागरिकत्व एका मोठ्या संघात विरघळून जाईल अशी धास्ती वाटत होती. शिवाय कराराची भाषा इतकी क्लिष्ट होती, की ती वाचून कुणाची शंका फिटण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक.

करार अमलात येण्यासाठी बाराही सदस्य देशांची मान्यता आवश्यक होती. निकालानंतर दोनच दिवसांनी ऑस्लो येथे जमलेल्या परराष्ट्रमंत्र्यांनी कराराच्या मजकुराला हात लावण्यास नकार दिला. डेन्मार्कला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार होता. त्या ‘नाही’चे पुढे काय करायचे, याचे उत्तर मात्र कुणाकडेच नव्हते. (त्याच महिन्यात, युगोस्लाव्हियाऐवजी ऐनवेळी बोलावलेल्या डॅनिश फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला २–० असे हरवून युरोपचे अजिंक्यपद पटकावले. त्या उन्हाळ्यात डॅनिश माणसाची मान ताठ असण्याचे ते दुसरे कारण.)

पंतप्रधान पॉल श्ल्यूटर यांचे सरकार अल्पमतातले होते. त्यामुळे तोडगा सरकारी कचेरीतून न येता विरोधी बाकांवरून आला. ऑक्टोबर १९९२ मध्ये सोशल डेमोक्रॅट, रॅडिकल लिबरल आणि सोशलिस्ट पीपल्स पार्टी या तीन पक्षांनी ‘राष्ट्रीय तडजोड’ नावाचा दस्तऐवज पुढे केला आणि संसदेतील आठपैकी सात पक्षांनी तो मान्य केला. यांतील सोशलिस्ट पीपल्स पार्टीने जूनमध्ये ‘नाही’चा प्रचार केला होता. जिंकलेल्या बाजूचाच एक पक्ष आता सांगत होता, की अमुक अटी मिळाल्या तर आमचा नकार आम्ही मागे घेऊ.

डिसेंबरमध्ये एडिंबरा येथील शिखर परिषदेत या अटी मंजूर झाल्या. सामाईक चलन, संरक्षण, न्याय व गृहव्यवहार आणि संघाचे नागरिकत्व या चार बाबतींत डेन्मार्कला अपवाद मिळाला. मूळ करारातला स्वल्पविरामही हलला नव्हता. विरोधक म्हणाले, करार तोच आहे, मग दुसरे मतदान कशासाठी? समर्थक म्हणाले, डेन्मार्कपुरता करार बदलला आहे. दोघेही खरे बोलत होते.

१८ मे १९९३ रोजी ८६.५ टक्के मतदान झाले. ‘हो’ला ५६.७ टक्के मते मिळाली. त्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात निदर्शक आणि पोलीस यांच्यात रस्त्यावर चकमक पेटली. फरसबंदीचे दगड उखडून पोलिसांवर फेकले गेले, आणि पोलिसांनी ११३ गोळ्या झाडल्या. किमान ११ जण जखमी झाले. कुणाचा मृत्यू झाला नाही, हे केवळ सुदैव. आपले मत मोजले गेले आणि मग पुसले गेले, अशी भावना असलेल्या लोकांचा तो उद्रेक होता. पुढे काही नागरिकांनी पंतप्रधानांविरुद्ध दावा लावला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराची मान्यता घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला, तेव्हा कायद्याच्या अंगाने प्रकरण मिटले.

विरोधकांच्या तक्रारीत एक तथ्य होते, आणि ते आजही नाकारता येत नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रान्सनेही याच करारावर सार्वमत घेतले. तिथे ‘हो’ जेमतेम ५१ टक्क्यांवर निसटले. फरक डेन्मार्कइतकाच निसटता. तरी पॅरिसमधील राज्यकर्त्यांना पुन्हा मत घ्यावेसे वाटले नाही. होकार एकदा मिळाला की पुरतो, नकार मात्र टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा जिंकावा लागतो. खेळाचे नियम असे एकतर्फी असतील, तर हरणाऱ्याने पराभव मनापासून का स्वीकारावा?

आयर्लंडचा अनुभव याला जोड देतो. जून २००१ मध्ये तिथे नीस करार ५३.९ टक्के मतांनी फेटाळला गेला. मतदान जेमतेम ३५ टक्के. ऑक्टोबर २००२ मध्ये पुन्हा मत घेतले, तेव्हा ६२.९ टक्के ‘हो’ म्हणाले. मतांतर झाले असे वरवर दिसते. आकडे वेगळेच सांगतात. ‘नाही’ची मते पहिल्यांदा ५,२९,४७८ होती, दुसऱ्यांदा ५,३४,८८७, नकाराचा आकडा घटला नाही, किंचित वाढलाच. ‘हो’ची मते मात्र ४,५३,४६१ वरून ९,०६,३१७ झाली. पहिल्या वेळी घरी बसलेले लोक दुसऱ्या वेळी बाहेर पडले, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ.

मग ब्रिटनमध्ये असे का घडले नाही? २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनचे रस्ते भरून वाहिले. निकालानंतर चाळीस लाखांहून अधिक सह्या मिळालेली याचिका तर, गंमत म्हणजे, मतदानाआधीच संघ सोडण्याच्या एका समर्थकाने, आपली बाजू हरेल या भीतीने दाखल केली होती. १ एप्रिल २०१९ रोजी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये या मागणीचा ठराव २८० विरुद्ध २९२ असा, अवघ्या बारा मतांनी पडला.

कारणे अनेक आहेत, पण डेन्मार्कशी तुलना केल्यास एक ठळक दिसते. ब्रिटनमध्ये दुसरे मत प्रामुख्याने हरलेली बाजू मागत होती, आणि मागण्यामागचा हेतू निकाल उलटवणे हा आहे, हे कुणापासून लपले नव्हते. डेन्मार्कमध्ये दुसऱ्या मतदानाच्या अटी लिहिणाऱ्यांत पहिले मतदान जिंकलेलेही होते. नोरेब्रोचा क्षोभ त्यामुळे टळला नाही. तरीही देशाच्या बहुसंख्येने तो दुसरा निकाल आपला मानला.

मराठी वाचकाला येथे गोवा आठवेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले गेले. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, पण कौल दुसऱ्यांदा घेतला गेला नाही.

डेन्मार्कच्या त्या चार अपवादांचे काय झाले? नागरिकत्वाचा अपवाद पुढच्याच ॲमस्टरडॅम करारात तीच तरतूद सर्वांना लागू झाल्याने निरर्थक ठरला. उरलेल्या तिघांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी लोकांना विचारले गेले. २००० मध्ये सामाईक चलनाला ५३.२ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले, आणि त्यावर आजवर दुसरे मतदान झालेले नाही. व्यवहार आजही क्रोनमध्येच चालतो. २०१५ मध्ये न्याय व गृहव्यवहाराचा अपवाद बदलण्यास ५३.१ टक्क्यांनी नकार दिला. मग रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि संरक्षणाचा अपवाद ६६.९ टक्के मतांनी रद्द झाला. ते मतदान १ जून २०२२ रोजी झाले. पहिल्या ‘नाही’ला तीस वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस बाकी होता.