अपिया बंदरांतून सुटलेली ‘कॅलायोपी’

इ. स. १८८४ मध्यें ‘कॅलायोपी’ ही युद्धनौका पोर्ट्समथच्या गोदींतून पाण्यांत उतरली, त्या वेळीं ब्रिटिश आरमाराचा शिडांवरील विश्वास पुरता सुटला नव्हता. कोळशाचीं ठाणीं जेथें दूरदूर, अशा समुद्रांत वाऱ्यावर चालावें आणि निकड पडल्यास इंजिन पेटवावें, अशी तिची योजना. अंग पोलादाचें, पाण्याखालीं त्यावर लांकूड व तांबें मढविलेलें. लांबी २३५ फूट.

१८८९ च्या मार्चांत ती पॅसिफिक महासागरांतील सामोआच्या अपिया बंदरांत नांगरून होती. त्या बेटांवरील वर्चस्वासाठीं जर्मनी व अमेरिका यांच्यांत तंटा माजला होता, आणि दोघांच्याहि तीन तीन युद्धनौका तेथें एकमेकींवर नजर ठेवून उभ्या होत्या. बंदर उत्तरेस उघडें, दोहों बाजूंस प्रवाळाचे खडक. वायुभारमापकाचा पारा उतरूं लागला तेव्हां खुला समुद्र गांठणें शहाणपणाचें होतें. परंतु आधीं हलावयाचें कोणी? ब्रिटिश कप्तान केन हाहि थांबलाच, हें त्याच्या कौतुकांत सहसा विसरलें जातें.

१६ मार्चच्या सकाळीं ‘एबर’ व ‘आडलर’ या जर्मन नौका खडकांवर आदळल्या. अमेरिकन ‘व्हँडालिया’ची ‘कॅलायोपी’शीं टक्कर झाली, मागचा खडक कांहीं फुटांवर आला. केननें नांगरांचे साखळदंड सोडून दिले. शिडांचा तेथें कांहींच उपयोग नव्हता. एरव्हीं ताशीं १३ सागरी मैलांहून अधिक वेग देणारें इंजिन सर्व जोरानें चालूनहि नौका ताशीं मैलभरहि सरकेना. मुख्य अभियंता बर्क व त्याचे कोळसेवाले खालीं भट्ट्या धगधगत ठेवीत होते. न्यूझीलंडांतील वेस्टपोर्टच्या कोळशासहि पुढें बरेंच श्रेय मिळालें. बंदराच्या तोंडाशीं अमेरिकन ‘ट्रेंटन’ होती, सुकाणू मोडलेली, भट्ट्या विझलेली. तिच्या व खडकाच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनें ‘कॅलायोपी’ बाहेर पडत असतां, स्वतःचा नाश डोळ्यांपुढें दिसत असूनहि ‘ट्रेंटन’वरील खलाशांनीं तिचा जयजयकार केला. ‘कॅलायोपी’वरूनहि तसेंच उत्तर गेलें.

वादळ ओसरल्यावर केन परतला, तों उरलेल्या सहाहि नौका फुटलेल्या किंवा किनाऱ्यास लागलेल्या. दीडशेच्या सुमारास माणसें गेलीं होतीं. तंट्याची तडजोड त्याच वर्षीं बर्लिन येथें मेजाभोंवतीं बसून झाली.

१९०७ पासून ही नौका इंग्लंडांतील टाइन नदीवर राखीव आरमाराच्या शिक्षणासाठीं बांधून ठेवण्यांत आली. १९१५ त नव्या क्रूझरला हवें म्हणून तिचें नांवहि काढून घेतलें व तिला ‘हेलिकन’ म्हणूं लागले. जुनें नांव १९३१ त परत मिळालें. १९५१ त ती विकली गेली, १९५३ त मोडली, आणि तिचें सुकाणूचें चक्र सामोआस भेट म्हणून देण्यांत आलें.