पदरची ओवी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, उमरखेड तालुक्यात, ढाणकी नावाचे गाव आहे. पैनगंगा तेथून फार दूर नाही. ती ओलांडली की वऱ्हाड संपून मराठवाडा लागतो. ह्या गावी आमचे आजोळ होते. चातुर्मासात रात्री ओसरीवर श्रीधरस्वामींच्या 'रामविजया'चे वाचन चाले. पुरुषमंडळी पुढे बसत, बायका माजघराच्या उंबऱ्याशी. पोथी गुंडाळून ठेवली की त्या दिवसापुरती कथा संपली, असे आम्हां मुलांस वाटे. परंतु ती संपत नसे. पहाटे शेजारची एखादी बाई हाताला हात लावावयास येई, जात्यात ज्वारीची मूठ पडे, आणि रात्री जेथे पोथी थांबली होती तेथून आजी आपली कथा पुढे चालवी. वनात टाकलेल्या सीतेला कळा कशा आल्या, तिच्याजवळ सुईण कोण होती, तिला ऊन पाणी कोणी घातले, बाळंतिणीच्या तोंडात पहिला घास कोणी दिला, हे सारे त्या ओव्यांत असे.

एकदा, शाळेत नुकताच चांगला वाचू लागल्याच्या तोऱ्यात, मी तिला म्हणालो, "आजी, हे पोथीत नाही." ती जाते न थांबवता म्हणाली, "पोथीत न्हाई म्हणून काय झालं? लेकरं तर झालीच ना तिला?" एवढ्यावर ते बोलणे संपले. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ती ओवी म्हटली नाही. माझ्या बोलण्यामुळे म्हटली नाही की सहज राहून गेली, हे आज सांगता येत नाही. ती खंत मनात आहे, आणि प्रस्तुत लेखाचे मूळही तिच्यातच आहे.

अलीकडे 'फॅन फिक्शन' हा शब्द आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या तोंडी आला आहे. आवडत्या कादंबरीतील किंवा चित्रपटातील पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतःच पुढची कथा रचावयाची, आणि एका पैशाची अपेक्षा न धरता ती इतर चाहत्यांस वाचावयास द्यावयाची, असा हा व्यवहार आहे. वडील मंडळींस हा रिकामा उद्योग वाटतो. दुसऱ्याने निर्मिलेल्या माणसांवर आपली लेखणी का चालवावी, आणि चालवलीच तर ती जगास का दाखवावी, असे ते विचारतात. प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. मराठी वाङ्मयाचा आरंभकाळच त्या उत्तराने भरलेला आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, महानुभावांचे गोविंदप्रभू राहत असत. त्यांची वृत्ती बालकासारखी. एकदा त्यांस लग्नाची लहर आली, आणि भक्तांनी तो लटका सोहळाही मनापासून मांडला. लग्न म्हटले की धवळे, म्हणजे वरास उद्देशून म्हणावयाची गाणी, हवीतच. ते काम महदाइसेकडे आले. तिने श्रीकृष्णरुक्मिणीच्या विवाहाची कथा घेतली आणि तीवर धवळे गायिले. त्यांचा उत्तरार्ध तिने मागाहून रचला. जिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो, तिची कीर्ती ह्या रचनेवर उभी आहे. कथा भागवताच्या दशम स्कंधातील, प्रसंग खेळातला, श्रोते घरचेच. आजच्या व्याख्येने पाहिले तर महदाइसेचे धवळे हे चाहतीने चाहत्यांसाठी रचलेले वाङ्मय नव्हे काय?

रुक्मिणीचीच निवड का झाली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ती विदर्भाच्या राजाची मुलगी. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर, अशी ह्या भागाची श्रद्धा. संस्कृत पुराणातील राजकन्या इकडील माणसास आपल्याच गावची लेक वाटते, आणि लेकीच्या लग्नात पुराणकाराने काय काय गाळले ते माहेरच्या माणसांच्या लगेच लक्षात येते. हळद कोणी लावली, रुसवा कोणाचा झाला, सासरी निघताना आईच्या मनात काय आले, हे पुराण विस्ताराने सांगत नाही. ज्याला त्या कथेचा लळा लागला आहे त्याला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. चाहता लिहावयास बसतो त्याचे पहिले कारण हे आहे. मूळ कथा उणी आहे असे त्याचे म्हणणे नसते. ती आपल्या घरी आली आहे, आणि घरी आलेल्या माणसाला घरची वागणूक मिळाली पाहिजे, एवढेच त्याला वाटत असते.

दुसरे कारण ह्याहून कठोर आहे. काही कथांत श्रोत्याला अन्याय दिसतो, आणि कथाकार गेला तरी तो अन्याय त्याच्या मनातून जात नाही. ह्याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. ढाणकीपासून पार दुसऱ्या टोकाला, राळेगाव तालुक्यात रावेरी हे गाव आहे. तेथे सीतेचे देऊळ आहे, आणि त्यात सीता एकटी आहे. शेजारी राम नाही. रामाने टाकलेली सीता ह्या रानात आली, येथेच तिला लव आणि कुश झाले, बाळंतपणानंतर तिने गावात गहू मागितले, गावाने ते नाकारले, आणि ह्या शिवारात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी तेथील आख्यायिका आहे. ही हकीकत वाल्मीकीने लिहिलेली नाही. ती रचणाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नाही. परंतु तिच्यातील निवाडा पाहा. अयोध्येच्या राजास कोणी शाप देत नाही. शाप बसला तो मूठभर धान्य नाकारणाऱ्या आपल्याच गावाला. परित्यक्तेचे दुःख आपल्या दाराशी आले तेव्हा आपण काय केले, हा प्रश्न रावेरीकरांनी रामायणाच्या आधाराने स्वतःस विचारला आहे. पुढे शेतकरी संघटनेचे शरद जोशी ह्यांनी ह्या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून द्यावा, अशी 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांस ही एकटी सीता जवळची वाटावी ह्यात नवल नाही.

तिसरे कारण निव्वळ आनंदाचे आहे. मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) एकशेआठ रामायणे रचली, असे आपण शाळेत शिकतो आणि किंचित हसून पुढे जातो. पण एकाच कथेकडे माणूस इतक्या वेळा का वळला असेल? त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारावयाचे वर्ण नाहीत; म्हणजे 'राम' हे नावसुद्धा त्यात येऊ शकत नाही. ज्याचे नाव घेता येत नाही त्याचीच कथा सांगावयाची, हा खेळ रामकथा मुखोद्गत असलेल्या श्रोत्यांपुढेच खेळता येतो. ज्यांस कथा ठाऊक नाही त्यांस ह्या कसरतीत गोडी नाही. चाहत्याचे लेखन चाहत्यांतच का फिरते, ह्याचे हे एक स्पष्ट उत्तर होय. लिहिणाऱ्याने अर्धेच सांगावे आणि उरलेले अर्धे वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरावे, असा तो दोघांचा करार असतो.

येथपर्यंत सारे गोड झाले. परंतु ह्या प्रेमाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या वाङ्मयात फार लवकर उघडी पडली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत तिच्या प्रती होत गेल्या, आणि प्रत करणाऱ्या भाविकांनी आपल्या पदरच्या ओव्या तीत मिसळल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्ञानदेवांची ओवी लिहिता लिहिता तिच्या ओघात हात पुढे गेला आणि एक ओवी अधिक झाली, असेच बहुधा घडले असेल. पण परिणाम असा झाला की ज्ञानदेव कोणते आणि त्यांचा भक्त कोणता हे ओळखू येईना. शेवटी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला, आणि ह्या ग्रंथात जो ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशी तंबी देऊन ठेवली.

आता गंमत अशी, की ही तंबी देणारे एकनाथ स्वतः पदरचे घालण्यात कोणास हार जाणारे नव्हते. ह्याच्या तेरा वर्षे आधी, १५७१ साली, काशीत त्यांनी 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले होते. भागवतातील थोड्या अध्यायांची कथा त्यांनी अठरा प्रसंगांत फुलविली, आणि द्वारकेच्या त्या लग्नात मराठी लग्नघराची सारी लगबग आणून बसविली. मग भक्तांची एक ओवी करवंटी आणि नाथांचा अवघा ग्रंथ अमृत, हे कसे?

ह्याचे उत्तर ओवीच्या गुणात नाही, तिच्या जागेत आहे. नाथांनी आपली रुक्मिणी भागवताच्या पोथीत लपविली नाही. ती त्यांनी वेगळी मांडली, शेवटी आपल्या गुरूचे व आपले नाव घातले, आणि मूळ ग्रंथ जसाच्या तसा शेजारी राहू दिला. वाचणाऱ्याला दोन्ही मिळाले. ज्ञानेश्वरीत ओवी घालणाऱ्याने मात्र मूळही डागाळले आणि स्वतःलाही पुसून टाकले. पहिला व्यवहार देण्याचा, दुसरा मिसळण्याचा. नावाविषयीचा हाच बाणा नरेंद्र कवीच्या आख्यायिकेत दिसतो. त्याच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'वर राजा रामदेवराव इतका लुब्ध झाला की ग्रंथ आपल्या नावे करून दे म्हणून त्याने सोने देऊ केले. कवीने ते नाकारले, ग्रंथ राजाजवळ राहिला, आणि जेवढा आठवला तेवढाच पुन्हा उतरविता आला, असे महानुभावांत सांगतात.

ह्यावर कोणी विचारील, की मग नामदेवांच्या नावे अभंग रचणाऱ्यांचे काय? त्यांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना मिसळलेली आहे, आणि 'नामा' ही मुद्रा इतरही कवींनी वापरली आहे. संशोधकास ह्याचा त्रास होतो, आणि तो खराच आहे. परंतु त्या रचनाकारांस नामदेवांचे नाव चोरावयाचे नव्हते. आपले नाव त्यांच्या पायांशी सोडावयाचे होते. हेतू निर्मळ असूनही हानी होते ती अशी. 'प्रक्षिप्त' हा शब्द आपण पंडितांकडून शिकलो आणि तो उच्चारताना नाक मुरडावयासही शिकलो. त्या शब्दाखाली बहुधा एखादा अनामिक प्रेमिक पुरलेला असतो, एवढे स्मरण ठेवले तर शुद्धीचे काम अधिक नम्रतेने होईल.

इतर देशांचा अनुभव निराळा नाही. व्हर्जिलचे 'ईनिअड' हे महाकाव्य शत्रूच्या वधाशी एकाएकी थांबते. नायकाचे लग्न राहून गेले, ही रुखरुख माफेओ वेजिओ ह्या इटालियन कवीस इतकी लागली की १४२८ साली त्याने त्या काव्यास तेरावे सर्ग जोडले आणि लग्न लावून दिले! रिद्धपूरची महदाइसा त्याला ऐकून तरी ठाऊक असणे शक्य नव्हते. माणसाचा स्वभावच तसा. अमेरिकेत १९६७ साली 'स्टार ट्रेक' ह्या दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनॅलिया' नावाचे घरगुती नियतकालिक काढले आणि आपले लेखन एकमेकांस वाटले. त्या वर्तुळात पुढे स्त्रियांचा भरणा मोठा होता. हे वाचले तेव्हा मला ढाणकीचे जाते आठवले. छापील पुस्तकांच्या बाजारात ज्यांचा आवाज कमी, त्यांनी आपली कथा आपल्याच माणसांत फिरवावी, हे दोन्हीकडे सारखे.

कथा दुसऱ्यास देण्याचे मर्म मला जात्यापाशीच सापडते. मोठे जाते एकटीने ओढणे जड. खुंट्याला समोरून दुसरा हात लागला की ते हलके फिरते. ओवीचेही तसेच. एकीने म्हटलेली दुसरीने उचलली नाही तर ती तेथेच विरते. ज्या महानुभाव ग्रंथांना सांकेतिक लिप्यांत जपून ठेवण्यात आले, ते शेकडो वर्षे पंथाबाहेरील मराठी माणसास अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल झाली, आणि यवतमाळच्या य. खु. देशपांडे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते वाङ्मय उजेडात आणले. उलट, नाथांची रुक्मिणी घरोघर गेली. उपवर मुलींनी तिचे पारायण करावे अशी चाल पडली. पोथी कुलुपात टिकते, पण कथा हातांवरच जगते.

जात्यावरच्या ओव्यांना मात्र पोथीचे कुलूपही नव्हते आणि आता हातही उरले नाहीत. गिरणी आली, मनगटांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. त्याबरोबर पहाटेचे ते रामायण थांबले. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणारणींची नावे त्यांच्या ओव्यांजवळ नोंदविली. ह्या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला पहिलीहून कमी वाटत नाही. एकनाथांनी घालून दिलेला न्याय हाच होता: मूळ त्याच्या जागी, पदरचे त्याच्या जागी, आणि जिचे तिच्या नावावर.

तेव्हा घरातील एखादी मुलगी रात्री जागून आपल्या आवडत्या कथेचा पुढचा भाग लिहीत असेल, तर तिला हसू नये. तो भाग तिचा आहे हे तिने सांगावे, मूळ लेखकाचे ऋण मानावे, आणि मग खुशाल मैत्रिणींस वाचून दाखवावा. 'हे पुस्तकात नाही' असे तिला सांगण्याची घाई तर मुळीच करू नये. मी ती एकदा केली. आजीच्या सीतेला पहिला घास कोणी भरविला, हे मला आता काही केल्या आठवत नाही. आणि ते दुसऱ्या कोणत्याही पोथीत मिळणार नाही.