समाज बदलतो कसा? महाडच्या तळ्याचा धडा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, सामाजिक बदलाचे काही ठरावीक टप्पे असतात का? असतात, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. फळ्यावर तीन शब्द लिहायचो : विचार, कायदा, आचार. आधी विचार पटतो, मग कायदा होतो, मग लोक तसं वागू लागतात. आज आम्हाला हा क्रम चुकीचा वाटतो. का, ते महाडच्या उदाहरणावरून पाहू.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे विचार झाला, नियम झाला. आचाराचं काय? तळ्यावर काहीच बदललं नाही. आणि बदललं नाही म्हणूनच फारसं कुणी बिथरलंही नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ठरावाने दिलेला हक्क त्यांनी वापरला, एवढंच. पण त्याच दिवशी, ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या तोंडावर कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रस्त्यावर विरोधकांची भाषा विटाळाची होती. कोर्टात गेल्यावर ती मालकीची आणि वहिवाटीची झाली : तळं खाजगी आहे, रूढी जुनी आहे. जुना विचार हरतो तेव्हा लगेच मरत नाही, तो नवा युक्तिवाद शोधतो. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून आमचा फळा आम्हाला दुरुस्त करावा लागतो. कायदा आणि आचार यांच्या मध्ये दोन शब्द हवेत : वापर आणि विरोध. वापरल्याशिवाय हक्क खरा होत नाही, आणि वापरला की विरोध येतोच. विरोध आला म्हणजे सुधारणा फसली, असं आपण पटकन म्हणतो. महाड सांगतं, तेव्हा ती सुरू झालेली असते. फक्त त्या मधल्या काळाची किंमत ठराव करणारे देत नाहीत, पहिल्यांदा पाणी पिणारे देतात. तीन शब्दांच्या आमच्या सुटसुटीत क्रमात हीच माणसं गळून गेली होती.

आता तुम्ही एक करा. आपल्या गावात, आपल्या सोसायटीत कागदावर सगळ्यांना खुलं असलेलं, पण काही माणसं जिथे अजून जात नाहीत, असं काय आहे ते पाहा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.