मुलांसाठी क्वाड बाइक घेताय? सीसी नंतर बघा, आधी मुलाचं माप घ्या

कोकणातल्या किनाऱ्यावर एटीव्ही राइड झाली, की परतीच्या प्रवासात मागच्या सीटवरून हट्ट सुरू होतो, 'मला पण अशीच पाहिजे.' तशी छोटी गाडी ऑनलाइन मिळतेही. कुणी ४९ सीसीची दाखवतं, कुणी ११० सीसीची, कुणी बॅटरीवरची. खुलताबादसारख्या तालुक्यात बऱ्याच घरांना शेत असतं. त्यामुळे 'चालवायला जागा आहेच की' असं वाटणं साहजिक आहे.

पण खेळण्यांच्या यादीत दिसली म्हणून ही गाडी खेळणं ठरत नाही. घ्यायचीच असेल, तर आधी काही गोष्टी समजून घेऊया.

रस्त्यावर चालवता येते का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारी सूट फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलसाठी आहे.

'इंजिन छोटं आहे, चालतंय' हा युक्तिवादही टिकत नाही. २५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कायद्यात सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकं असलेल्या गाड्यांना. क्वाडला चार चाकं असतात.

इथे आणखी एक गोंधळ होतो. वाळूजला तयार झालेली बजाज क्यूट ही 'क्वाड्रिसायकल' आहे. तिला नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं. क्वाड बाइकशी तिचा संबंध फक्त नावापुरता.

सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त हायवे नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे, ती प्रत्येक जागा त्यात येते. म्हणजे म्हैसमाळचं पठार, वेरूळचं पार्किंग, गावातली गल्ली, सगळंच. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची गर्दी आठवली, तर हा नियम का आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

थोडक्यात, ही गाडी फक्त स्वतःच्या, कुंपण घातलेल्या जागेत.

कोणत्या वयाला कोणती?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत कडक आहे. १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये, असं ती सांगते. हे मत माहीत असूनही घ्यायची ठरली, तर निदान वयोगट पाळा.

अमेरिकेत पूर्वी सीसीवरून वयोगट ठरायचे, आता वेगावरून ठरतात. ६ वर्षांपुढच्या मुलांच्या गाडीचा कमाल वेग ताशी २४ किलोमीटर असतो आणि लिमिटर लावल्यावर १६. १० आणि १२ वर्षांपुढच्या गटांत लिमिटरसह २४ आणि त्याशिवाय ४८. सहा वर्षांखाली कोणताच गट नाही. त्या वयाला सायकल बरी.

ताशी २४ म्हणजे सेकंदाला साडेसहा मीटरपेक्षा जास्त. मूल दचकून ब्रेक शोधेपर्यंत गाडी एका खोलीपेक्षा जास्त अंतर कापते.

माप कसं घ्यायचं?

मुलाला बंद गाडीवर बसवून इतकं तपासा:

- पायठेवणीवर उभं राहिल्यावर सीट आणि मुलामध्ये किमान ७ ते ८ सेंटीमीटर अंतर राहतं का?
- हँडल पूर्ण वळवल्यावरही दोन्ही हात पोचतात आणि कोपर थोडं वाकलेलं राहतं का?
- हँडलवरचा हात न सोडता ब्रेकच्या दांडीवर बोटं पोचतात का? अंगठा थ्रॉटलवर येतो का?

एका जरी प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तरी ती गाडी नको. 'पुढची दोन वर्षं पुरेल' हा हिशेब इथे चालत नाही. वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, वाढत्या अंगाची गाडी नाही.

ती उलटते का?

चार चाकं बघून ती पक्की वाटते, पण क्वाड अरुंद आणि उंच असते. बहुतेक छोट्या क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकत्र फिरतात. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाही. म्हणून वळताना चालवणाऱ्याने अंग आत झुकवून वजन सांभाळायचं असतं. २० किलोच्या मुलाचं वजन त्यासाठी अपुरं पडतं आणि उलटलेली गाडी त्याच्याच अंगावर येते. मागे दुसरं मूल बसवलं तर तोल आणखी बिघडतो. त्यामुळे एका वेळी एकच मूल.

अपग्रेड कोणतं करायचं?

बहुतेक व्हिडिओ वेग कसा वाढवायचा तेच दाखवतात. लिमिटरचा स्क्रू काढा, सायलेन्सर बदला, मोठं स्प्रॉकेट लावा, जास्त व्होल्टची बॅटरी जोडा. यातलं काहीही करू नका. ब्रेक, चाकं, वायरिंग हे सगळं मूळ वेगाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. वेग दुप्पट झाला, की धडकेचा जोर चौपट होतो.

खर्च करायचाच असेल, तर तो गाडी थांबवण्यावर करा:

- मनगटाला बांधायची दोरी. मूल पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं.
- पालकाच्या हातात राहणारा रिमोट स्टॉप.
- चांगले ब्रेक पॅड. टायरमध्ये पुस्तिकेत दिलेलीच हवा. दोन्ही बाजूंची हवा सारखी नसेल, तर गाडी एका अंगाला ओढते.
- पाय घसरून मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून टाचेची जाळी आणि साखळीवर झाकण.
- मुलाच्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. सोबत बूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. ओढणी, मफलर नको.

मोठी गाडी घ्यायची वेळ कधी येते? गुडघे हँडलला लागायला लागले, आणि सांगितलेल्या खुणेवर थांबणं, हळू वळणं न सांगता जमू लागलं की. दोन्ही झालं पाहिजे. फक्त वाढदिवस हे कारण पुरेसं नाही.

शेतात कुठे चालवायची?

सपाट तुकडा निवडा. मुरमाचा उतार, बांध, नाल्याची कड टाळा. कठडा नसलेली विहीर किंवा शेततळं जवळ असेल, तर ती जागा बाद. ट्रॅक्टर चालू असताना गाडी बाहेर काढायची नाही, आणि किल्ली कायम मोठ्यांकडे.

पहिल्या दिवशी गाडी चालवायला देऊ नका. इंजिन बंद ठेवून मुलाला लाल स्विच डोळे मिटून दाबायला लावा. सलग दहा वेळा बरोबर जमलं, की मगच किल्ली फिरवा.