वकिलाची सनद : ती देणारे आणि काढून घेणारे

पेशवाईतील सनद म्हटली म्हणजे इनाम, वतन किंवा सरंजाम डोळ्यांपुढे उभा राहतो. धन्याने शिक्का मारून दिलेला हक्क, असा तिचा अर्थ. इंग्रजी अमलात तोच शब्द वकिली करण्याच्या परवान्यास लागला आणि अद्यापि आपल्या घरांतून ‘अमक्याला सनद मिळाली’ असेच म्हणतात. शब्द उचलणाऱ्यांनी फारसा विचार केला असेल असे नाही. परंतु त्या शब्दाच्या पोटातील एक अर्थ वकिलीच्या सनदेबरोबरही आला. जो सनद देतो, तोच ती काढून घेऊ शकतो. आता वकिलाने अशिलास फसविले, तर त्याची सनद कोणी काढून घ्यावी? न्यायाधीशाने, की त्याच्याच व्यवसायबंधूंनी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात दोन शतकांत तीनदा बदलले, आणि प्रत्येक उत्तराचा काही भार गरीब पक्षकारावर पडत आला. त्या बदलांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आरंभ कंपनी सरकारच्या कायद्यांपासून करणे सोयीचे. बंगालमध्ये 1793 च्या सातव्या रेग्युलेशनने अदालतींतील वकिलांना सनदा देण्याची व त्यांची फी ठरविण्याची पद्धत घालून दिली. मुंबई इलाख्यात 1827 च्या एल्फिन्स्टनी कायद्यांनी तीच वाट धरली. 1846 च्या पहिल्या कायद्याने वकिलीचा दरवाजा जात, धर्म वा राष्ट्र न पाहता सर्वांस खुला झाला. 1862 मध्ये हायकोर्टे स्थापन झाली, आणि 1865 च्या राजपत्राने मुंबईच्या हायकोर्टास वकील, अडव्होकेट व अटर्नी यांना पटावर घेण्याचा, त्याचप्रमाणे ‘वाजवी कारणावरून’ त्यांना दूर करण्याचा किंवा काही काळ बंद ठेवण्याचा अधिकार दिला. वाजवी कारण म्हणजे काय, हे राजपत्रात सांगितलेले नव्हते. ते न्यायमूर्तींनी ठरवावयाचे होते.

खालच्या कोर्टांतील वकिलांची चौकशी कशी होत असे, याचे स्पष्ट चित्र 1879 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टात मिळते. हा कायदा आपल्याकडे नागपूरच्या बाजूस लागू होता. मुंबई इलाख्यास पुढे 1920 साली स्वतंत्र प्लीडर्स अॅक्ट मिळाला. 1879 च्या कायद्याने गैरवर्तनाचे काही प्रकार नावानिशी सांगितले होते. पक्षकाराकडून किंवा त्याच्या अधिकृत माणसाकडून वकीलपत्र न घेता भलत्याच माणसाकडून काम घेणे, काम आणून देणाऱ्या दलालास पैसे चारणे आणि धंद्यात लबाडीचे किंवा अत्यंत अनुचित वर्तन करणे, हे त्यांतील मुख्य. शेवटी ‘अथवा अन्य कोणत्याही वाजवी कारणावरून’ अशी पुस्ती जोडलेली होतीच. तक्रार आली म्हणजे कोर्टाने आरोपाची नक्कल व नोटीस वकिलास निदान पंधरा दिवस आधी पोचवावी, नेमल्या दिवशी पुरावा ऐकावा, आरोप शाबीत वाटल्यास कारणांसह हायकोर्टास कळवावे, आणि अखेरचा हुकूम हायकोर्टाने द्यावा, असा क्रम होता. मधल्या काळात वकिलास काम करण्यास मनाई करण्याची सत्ताही खालच्या अधिकाऱ्यास होती.

कागदावर ही रीत निर्दोष दिसते. पण तालुक्याच्या गावची स्थिती मनात आणावी. ज्या मुन्सफासमोर वकील रोज उभा राहतो, ज्याच्या हुकमावर अपील करून तो कधीकधी वर जातो, तोच मुन्सफ त्याच्या अब्रूची चौकशी करणार! निर्भीड वकील आणि गैरवर्तनी वकील यांतील अंतर रागावलेल्या न्यायाधीशास दर वेळी दिसेलच, अशी खात्री कोणी द्यावी? तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेड्यातील कुळाला वकिलाने नाडले, तर त्याला दाद मागण्याची जागा ठाऊक होती. ज्या कोर्टात त्याचा दावा बुडाला, त्याच कोर्टात त्याची तक्रारही चालत असे.

बॅरिस्टरांचा प्रकार निराळा. त्यांच्यावर दोन धनी होते : हायकोर्ट आणि विलायतेतील त्यांचे ‘इन्’. इनचे वरिष्ठ सभासद, ज्यांना ‘बेंचर’ म्हणतात, ते आपल्या बॅरिस्टराचे नाव पटावरून काढू शकत. तत्त्वतः ही व्यवसायबंधूंनीच चालविलेली शिस्त; पण राजकारणाचा प्रसंग येताच तिचे स्वरूप उघडे पडले. 1909 साली इनर टेंपलने श्यामजी कृष्णवर्म्यांचे नाव काढून टाकले. त्याच साली ग्रेज इनने, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना बॅरिस्टरी देण्याचे नाकारले. 1922 च्या मार्चमध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेल्या गांधीजींचे नाव नोव्हेंबरात इनर टेंपलने पटावरून उतरविले. पुढे गांधीजींना 1988 मध्ये आणि श्यामजींना 2015 मध्ये त्याच संस्थेने पुन्हा सभासदत्व दिले. दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा व्यवसायबंधूंच्या हाती शिस्त सोपविली की अन्याय टळतो, असे समजणारांनी ही तीन नावे ध्यानात ठेवावीत.

आमच्या मते खरी कलाटणी अहमदाबादच्या प्रकरणाने मिळाली. रौलट कायद्यांविरुद्ध 1919 च्या फेब्रुवारीत सत्याग्रहाची प्रतिज्ञा निघाली. ते कायदे आणि पुढे नेमावयाची समिती सांगेल ते इतर कायदेही सविनय मोडावयाचे, अशी ती प्रतिज्ञा होती. तिच्यावर अहमदाबादच्या काही वकील-बॅरिस्टरांनी सह्या केल्या. तेथील डिस्ट्रिक्ट जज्ज केनेडी यांनी एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या रजिस्ट्रारास पत्र लिहून विचारले की, कायदा मोडण्याची शपथ घेणाऱ्यांनी कायद्याची सनद बाळगावी काय? हायकोर्टाने वकिलांवर नोटिसा काढल्या. केनेडींच्या पत्राची नक्कल गांधीजींच्या हाती आली आणि ऑगस्टमध्ये ते पत्र टीकेसह ‘यंग इंडिया’त छापले गेले. त्याबद्दल गांधीजी व महादेवभाई देसाई यांच्यावर न्यायालयाच्या बेअदबीचा खटला झाला. माफी मागण्यास गांधीजींनी नकार दिला, आणि 1920 च्या मार्चमध्ये कडक शब्दांत ठपका ठेवून हायकोर्टाने तो मिटविला. वकिलांच्या सनदाही काढून घेण्यात आल्या नाहीत. त्यांना ताकीद देण्यात आली.

येथे न्यायालयाचा प्रश्न पोकळ नव्हता, हे कबूल केले पाहिजे. कोणते कायदे मोडावयाचे ते दुसऱ्याने ठरवावे आणि आपण आधीच होकार भरावा, ही स्थिती कोर्टाचा अधिकारी म्हणविणाऱ्या माणसाला अडचणीचीच आहे. पण या वकिलांविरुद्ध एकाही अशिलाची तक्रार नव्हती. कोणाचा पैसा बुडाला नव्हता, कोणाचा दावा मुदतीबाहेर गेला नव्हता. अशील ज्या शस्त्राने आपले रक्षण करून घेणार, तेच शस्त्र सरकारचा रोष व्यक्त करण्यास उपयोगी पडू शकते, एवढे मात्र त्या प्रकरणाने सर्व वकीलवर्गाला दाखवून दिले. वकिलांची स्वतंत्र संस्था असावी, ही मागणी मग जोराने पुढे आली.

1923 मध्ये सर एडवर्ड शामिए यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या अहवालातून 1926 चा बार काउन्सिल्स अॅक्ट निघाला. काउन्सिलात पंधरा सभासद : अडव्होकेट जनरल, हायकोर्टाने नेमलेले चार आणि अडव्होकेटांनी निवडलेले दहा. तक्रार हायकोर्टाकडेच यावयाची. ती तत्काळ फेटाळण्यासारखी नसेल तर हायकोर्टाने ती काउन्सिलकडे किंवा जिल्हा न्यायाधीशाकडे चौकशीस द्यावयाची. काउन्सिलमधील तीन ते पाच जणांचे चौकशीमंडळ मुख्य न्यायमूर्तींनी नेमावयाचे. आणि शिक्षेचा हुकूम पुन्हा हायकोर्टाचा. म्हणजे चौकशी वकिलांची आणि निकाल न्यायमूर्तींचा. ही अर्धवट तडजोड म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हाला मात्र त्या तडजोडीत शहाणपण दिसते. एकाच हाती दोन्ही गोष्टी न दिल्याने सूड आणि भाऊबंदकी या दोहोंनाही थोडा आळा बसत होता.

या पद्धतीचे एक उदाहरण मुंबईचे आहे. एका ज्येष्ठ अडव्होकेटाने अशिलाशी असा करार केला की, खटल्यातून जी वसुली होईल तिचा निम्मा हिस्सा फी म्हणून घ्यावयाचा. चौकशीमंडळाने चौकशी केली, हायकोर्टाने वकिलास काही काळ बंद ठेवले, आणि 1954 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. हिंदुस्थानच्या करारविषयक कायद्यात असा सौदा मुळातच रद्दबातल नाही, मग वकिलाचेच काय बिघडले, असा बचाव होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या निकालाचा आशय असा की, इतरांस जे मोकळे आहे ते वकिलास मोकळे असेलच असे नाही. ज्याचा स्वतःचाच निम्मा हिस्सा निकालात गुंतला, तो अशिलास तडजोडीचा निःपक्षपाती सल्ला कसा देईल? निकालपत्रात वकिलाचे नाव न देता ‘जी’ हे आद्याक्षर तेवढे छापले गेले, हेही त्या काळच्या संकोचाचे द्योतक आहे.

त्यानंतर 1961 चा अडव्होकेट्स अॅक्ट आला आणि सत्ता पूर्णपणे वकिलांकडे गेली. हायकोर्टास सनदेच्या शिस्तीतून दूर सारण्यात आले. तक्रार राज्याच्या बार काउन्सिलकडे करावयाची. ग्राह्य कारण दिसल्यास काउन्सिल ती शिस्तसमितीकडे देते. समितीत तिघे : दोघे काउन्सिलचे सभासद आणि तिसरा बाहेरून घेतलेला अडव्होकेट. अडव्होकेट जनरलला नोटीस जाते, साक्षीदारांना समन्स काढता येतात. तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक मुदतीपर्यंत सनद बंद ठेवणे किंवा नाव पटावरून कमी करणे, हे चार हुकूम शक्य आहेत. त्यावर साठ दिवसांत भारताच्या बार काउन्सिलकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील चालते. नियमांतील एक गोष्ट विशेष प्रशंसनीय वाटते. अशिलाने तक्रार मागे घेतली किंवा वकिलाशी आपसात मिटविली, एवढ्याच कारणावरून चौकशी थांबत नाही. तक्रार करणारा एक असला तरी दाद सर्व लोकांची आहे, असे तिथे गृहीत धरलेले आहे.

हे गृहीत तत्त्व कसाला लागले ते मुंबईच्या किल्ला कोर्टात, म्हणजे एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत. कोर्टाच्या दाराशी येणाऱ्या भांबावलेल्या पक्षकारांना काही वकील अक्षरशः गाठून, एकमेकांशी ओढाताण करून आपल्याकडे खेचतात, अशी तक्रार हायकोर्टाकडूनच आली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या काउन्सिलने ती आपल्या शिस्तसमितीकडे दिली. नावे देण्याचे येथे कारण नाही. समितीने त्या वकिलांना दोषी ठरवून तीन वर्षे सनदा बंद ठेवण्याची शिक्षा दिली. वरच्या बार काउन्सिलने अपिलात सर्वांना सोडून दिले. तिने नियमाचा अर्थ असा लावला की, विशिष्ट माणसाकडे, विशिष्ट खटल्याबद्दल, अशी सर्व अंगे एकत्र जुळल्याशिवाय याचना झाली असे म्हणता येत नाही. शब्दच्छल हा वकिलाच्या विद्येचा भाग आहे. परंतु तो स्वतःच्या बंधूंच्या बचावास इतक्या हौसेने वापरलेला क्वचितच दिसेल.

मग एक चमत्कारिक देखावा घडला. ज्या राज्य काउन्सिलच्या समितीने निकाल दिला होता, तीच संस्था वरच्या संस्थेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. आक्षेप निघाला की, न्यायाधीश का कधी आपला निकाल फिरला म्हणून फिर्यादी होतो? 1975 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिले की, काउन्सिल ही कोर्टासारखी अलिप्त नसून व्यवसायाच्या शुचितेची व लोकहिताची राखणदार आहे. म्हणून तिला ‘व्यथित’ म्हणून अपील करता येते. गुणदोषांच्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वरच्या काउन्सिलच्या अर्थास कडक शब्दांत नाकारले. सदाचाराची बंधने नियम छापले जाण्यापूर्वीही वकिलावर असतातच, असेही ठरले. शिक्षा मात्र सौम्य झाली, आणि त्यात नवल नाही. तोवर अकरा वर्षे गेली होती.

दिरंगाईचा हा रोग कायदेकारांना दिसला नव्हता असे नाही. 1973 च्या दुरुस्तीने राज्याच्या समितीने तक्रारीचा निकाल एका वर्षात लावावा, न लागल्यास ती आपोआप वरच्या काउन्सिलकडे जावी, अशी तरतूद झाली. परिणाम असा की, खालचे ओझे वर गेले. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला वरच्या काउन्सिलकडे साठलेल्या अशा तक्रारी, हजाराहून अधिक, मुदतीत निकालात काढण्याबद्दल बजावावे लागले.

विलायतेत सॉलिसिटरांच्या शिस्तमंडळावर 1974 च्या कायद्याने वकील नसलेले सभासद बसू लागले. आपल्या 1961 च्या कायद्याने तशी जागा ठेवली नाही. ही उणीव तेव्हा किरकोळ वाटली असेल. 2024 नंतर ती तशी राहिलेली नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येत नाही. कारणे काहीही असोत, फसलेल्या अशिलाच्या हाती आता मुख्यतः दोनच वाटा उरल्या आहेत. एक दिवाणी कोर्टातील नुकसानीचा दावा. वकीलही निष्काळजीपणाबद्दल जबाबदार असतो, हे 1926 च्याच एका छोट्या फी-विषयक कायद्याने सांगून ठेवले आहे. पण त्या दाव्यासाठी पुन्हा वकीलच धरावा लागतो. दुसरी वाट बार काउन्सिलची. तेथे सहीनिशी, सत्यतेच्या प्रतिज्ञेसह आणि ठरलेली फी भरून अर्ज द्यावयाचा, आणि त्यात ग्राह्य कारण दिसले तर तीन वकिलांच्या समितीपुढे आपल्या वकिलाविरुद्ध साक्ष द्यावयास उभे राहावयाचे.