जपानचा जुना वस्तरा

वस्तरा म्हटला की आपल्याला न्हाव्याची धोकटी आणि चामोटी आठवते. आज बोलायचे आहे ते मात्र जपानी वस्तऱ्याविषयी. निमित्त माझ्याच फजितीचे. हौसेखातर मी मोबाइलवरून एक जुना जपानी वस्तरा मागवला. 'सामुराईच्या तलवारीचे पोलाद' असे विकणाऱ्याने लिहिले होते, आणि पाते आरशासारखे लखलखीत! आमच्या गावी दाढी करणारे वयस्क आबा आहेत, त्यांना मोठ्या ऐटीत दाखवले. त्यांनी ते निसण्यावर ओढले, अंगठ्यावर पाहिले, आणि म्हणाले, "मास्तर, धार लागतीया, पण ठरत न्हाई. याचं पाणी उतरलंय." चकाकी आणण्यासाठी यंत्रावर घासताना पाते तापले असावे. इतिहास शिकवणाऱ्याने जाहिरातीतला इतिहास न तपासता पैसे मोजले, याचीच मला अधिक लाज वाटली.

तेव्हा आधी तो इतिहास पाहू. जपानी भाषेत वस्तऱ्याला कामिसोरी म्हणतात, म्हणजे केस भादरणारा. बौद्ध भिक्षूंचे मुंडण आणि सामुराईंच्या माथ्याचा पुढला भाग भादरणे, ही त्याची जुनी कामे. १८७१ साली सरकारने डोक्यावरची गाठ कापायला मोकळीक दिली. १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी आली. तलवारी घडवणाऱ्यांचा धंदाच बसला! पोटासाठी कित्येकजण सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांकडे वळले. गिफु प्रांतातले सेकी शहर पूर्वी तलवारींसाठी प्रसिद्ध होते, ते पुढे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजले. म्हणजे तलवारीशी नाते आहे खरे. पण ते कारागिरीचे नाते. पोलादही तेच असेल असे नव्हे.

तलवारीचे पोलाद म्हणजे तामाहागाने. नदीकाठची लोहवाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून ते काढतात. एवढ्या खटाटोपाचे पोलाद रोजच्या वस्तऱ्याला कुठून परवडणार? कारखानदारांनी स्वीडनचे पोलाद आणवले, आणि त्याचे वस्तरे उत्तम निघाले. निइगाता प्रांतातल्या सांजो गावचे इवासाकी कोसुके यांनी धातुविद्येचा अभ्यास करून तामाहागानेचे वस्तरे घडवले, पण असे कारागीर थोडे. म्हणून 'तामाहागाने' या शब्दासाठी जादा पैसे मागितले, तर कारागिराची मुद्रा कुठे आहे ते आधी विचारा. स्वीडनचे पोलाद म्हणून नाक मुरडू नका.

मुद्रेवरून काळही कळतो. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' अशी अक्षरे असतील, तर तो माल महायुद्धानंतरचा, १९४७ ते १९५२ या वर्षांतला. तो 'सामुराईच्या काळचा' म्हणून कुणी गळ्यात मारू लागला, तर हसून पुढे जावे.

आता पाते. जुनी कामिसोरी एकसंध असते, मिटत नाही. तिच्यात मऊ लोखंडाला कठीण पोलादाची पट्टी सांधलेली असते, आपले लोहार कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद चढवतात तशी. वर्षानुवर्षे घासून ती पट्टी संपत आली, तर उरले नुसते लोखंड. शिवाय तिच्या दोन बाजू मुद्दामच सारख्या ठेवलेल्या नसतात. हे ठाऊक नसलेला मनुष्य दोन्ही बाजू सारख्या घासतो आणि वस्तू वाया घालवतो. मिटणारा, विलायती घाटाचा वस्तरा असेल तर पाठ पाहा. ती एका टोकाला जास्त झिजली असेल, तर धार सरळ लागणे कठीण.

वरवरचा तांबूस गंज भिववीत नाही, तो निघतो. धारेपाशी काळे खड्डे पडले असतील तर मात्र घेऊ नये. खड्डे जाईपर्यंत घासले तर पातेच उरायचे नाही. केसाएवढी चीर असली तरी सौदा मोडावा. चित्रात चीर दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची, पाठीची आणि धारेची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत. देत नसेल त्याच्याकडून मी आता घेत नाही. परदेशातून मागवायचा तर टपालखर्च आणि जकात आधीच हिशेबात धरावी.

मी दुसरा वस्तरा घेतला तो काळवंडलेला, स्वस्त आणि मळकट. आबांनी तो उकळत्या पाण्यात धुतला, तासभर निसण्यावर खपले, मग चामोटीवर फिरवून माझ्या गालाला लावला. दाढी झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ह्यो केवढ्याला पडला?"