व्हूडूची गोष्ट

ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हटलं की आपण आकडे बघतो. मेमरी किती, फ्रेम्स किती... पण थ्रीडीएफएक्सचं काय झालं ते माहितीये?

१९९६ मध्ये त्यांचं व्हूडू आलं. मेमरी जेमतेम ४ एमबी, वर साध्या टूडीसाठी दुसरं कार्ड लागायचंच! तरी गेमर्स फिदा. १९९८ अखेरीस त्यांनी एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं ठरवलं. झालं! त्यांच्या चिप घेणारे कार्डवाले एनव्हिडियाकडे वळले.

२००० मध्ये लोकांनी हौसेने ६४ एमबीचं व्हूडू ५ घेतलं आणि डिसेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. कंपनीचे नवे ड्रायव्हर बंद. कार्ड धडधाकट, पण पोरकं!

तेव्हा मंडळी, आकड्यांसोबत ड्रायव्हर किती वर्षं मिळतील हेही बघा.